फ्लूच्या लसीनंतर खांद्याला झालेली इजा: अमेरिकेत भरपाई मागताना नोंदीच चुकीच्या असतील तर काय करावे?

सायली_७९

नमस्कार. प्रश्न लांबला आहे, परंतु यातील बारीकसारीक तपशीलच महत्त्वाचे ठरतील अशी शंका असल्यामुळे मी ते गाळलेले नाहीत.

मी अमेरिकेत राहते आणि माझे वय ४६ आहे. गेल्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एका फार्मसीत मी एकाच वेळी दोन लसी घेतल्या. कोविडची लस उजव्या दंडात घेतली आणि फ्लूची डाव्या दंडात. मी खुर्चीत बसले होते, लस देणारी व्यक्ती उभी होती आणि बाही पुरेशी वर सरकत नसल्याने मी टी-शर्टचा गळा खाली ओढून खांदा उघडा केला होता. डावीकडची सुई फार वर, जवळजवळ हाडाशी टोचली गेल्याचे मला त्याच क्षणी जाणवले होते, परंतु तेव्हा मी काही बोलले नाही.

उजवा दंड दुसऱ्या दिवसापर्यंत दुखला आणि थांबला. डाव्या खांद्यात मात्र त्याच रात्री कळा सुरू झाल्या आणि तीन-चार दिवसांत केस विंचरण्यासाठी हात डोक्यापर्यंत नेणेही जमेनासे झाले. लसीनंतर दुखतेच, असे म्हणून मी वाट पाहिली. नवव्या दिवशी डॉक्टरांच्या ऑनलाइन पोर्टलवर संदेश पाठवला, तेव्हा बर्फाने शेकण्याचा आणि वेदनाशामक गोळी घेण्याचा सल्ला मिळाला. तिसऱ्या आठवड्यात थायरॉइडच्या नेहमीच्या तपासणीसाठी मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले होते. तेथे खांद्याचा विषय मी काढला नाही आणि त्यांच्या नोंदीत सांध्यांची कोणतीही तक्रार नसल्याचे लिहिले गेले आहे. पाचव्या आठवड्यात प्रथमच खांद्याची प्रत्यक्ष तपासणी झाली. जानेवारीतील एमआरआयमध्ये बर्साला (सांध्यालगतच्या द्रवाच्या पिशवीला) सूज आणि एका टेंडनला (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीला) अर्धवट चीर दिसली, आणि पुढे फ्रोझन शोल्डरचे, म्हणजे खांदा आखडल्याचेही निदान झाले. स्टेरॉइडचे एक इंजेक्शन आणि फिजिओथेरपीची २२ सत्रे झाली. विम्याची मर्यादा संपल्यामुळे मार्चच्या मध्यावर ती सत्रे थांबली. आता मे महिना सुरू आहे, तरी डावा हात पाठीमागे नेता येत नाही आणि रात्री त्या कुशीवर वळले की जाग येते.

फार्मसीकडून लसीकरणाची नोंद मागवली, तेव्हा दोन्ही लसी डाव्या दंडात दिल्याचे त्यात लिहिलेले आढळले. हे धडधडीत चूक आहे. मी तेथील व्यवस्थापकांशी बोलले, तेव्हा संगणकात जे आहे तेच ग्राह्य, असे उत्तर मिळाले.

फार्मसीवर दावा लावावा, की लस तयार करणाऱ्या कंपनीवर, की सरकारी योजनेकडे जावे? सुई चुकीच्या जागी टोचली हे मी कसे सिद्ध करणार? वकिलाची फी परवडेल का? मी अद्याप अमेरिकेची नागरिक नाही, त्याचा अडथळा येतो का? आणि मुख्य म्हणजे, या चुकीच्या नोंदींमुळे माझे म्हणणे आधीच फेटाळल्यासारखे झाले आहे का?

माधव

सायलीताई, मी याच वाटेने गेलेलो आहे, म्हणून प्रथम दिलासा देतो की आपले म्हणणे फेटाळले गेलेले नाही, आणि ज्या गोष्टीची आपल्याला सर्वांत जास्त भीती वाटते आहे, म्हणजे सुई चुकीच्या जागी टोचल्याचे सिद्ध करणे, ती बहुधा करावीच लागणार नाही.

या देशात १९८६ च्या कायद्याने लसींमुळे होणाऱ्या इजांसाठी एक राष्ट्रीय भरपाई योजना निर्माण केली आणि ती ऑक्टोबर १९८८ पासून चालू आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला व्हीआयसीपी म्हणतात. तिचे मूळ तत्त्व असे आहे की दोष कोणाचा होता हे ठरवण्याच्या फंदात न पडता इजा झालेल्या माणसाला भरपाई द्यावी. योजनेत समाविष्ट असलेल्या लसीच्या प्रत्येक मात्रेवर, ती जितक्या रोगांपासून संरक्षण देते तितक्या रोगांमागे प्रत्येकी ७५ सेंट इतका कर बसतो आणि त्या करातून भरपाईचा निधी उभा राहतो. म्हणजे आपण घेतलेल्या फ्लूच्या लसीवरही ७५ सेंट जमा झालेले आहेत. प्रतिवादी म्हणून फार्मसी किंवा कंपनी नसते, तर केंद्र सरकारचे आरोग्य खाते असते आणि न्याय खात्याचे वकील त्याची बाजू मांडतात. याचिका वॉशिंग्टनमधील कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्समध्ये दाखल होते आणि तिचा निर्णय स्पेशल मास्टर या नावाने ओळखले जाणारे न्यायिक अधिकारी करतात.

लसीनंतरच्या खांद्याच्या इजेला तेथे सिर्वा असे संक्षिप्त नाव आहे. मार्च २०१७ पासून ती इजा कायद्याच्या अधिकृत तक्त्यात आहे. तक्त्यात असण्याचा लाभ असा की ठरावीक अटी पूर्ण झाल्या तर इजा लसीमुळेच झाली असे गृहीत धरले जाते, आणि तसे नाही हे दाखवण्याची जबाबदारी सरकारवर जाते. पहिली अट म्हणजे त्या खांद्यात पूर्वीचे असे दुखणे नसावे की ज्याने आताच्या तक्रारीचा उलगडा होईल. वेदना लस घेतल्यापासून ४८ तासांत सुरू झालेली असावी. वेदना आणि हालचालीतील अडचण ज्या खांद्यात लस दिली त्याच खांद्यापुरती असावी. आणि मानेतील नस दबण्यासारखे दुसरे कोणतेही कारण या लक्षणांचा खुलासा करणारे नसावे. याशिवाय त्रास ६ महिन्यांहून अधिक काळ टिकलेला असला पाहिजे, किंवा त्यासाठी रुग्णालयात दाखल होऊन शस्त्रक्रिया झालेली असली पाहिजे.

माझ्या प्रकरणात ४८ तासांच्या एकाच मुद्द्यावर सरकारी वकिलांनी जवळजवळ वर्षभर घासाघीस केली, कारण मी डॉक्टरांकडे अडीच महिन्यांनी गेलो होतो. अखेर आमच्या बाजूने जे उपयोगी पडले ते डॉक्टरांच्या पहिल्या भेटीतील एकच वाक्य होते: "ऑक्टोबरमध्ये फ्लूची लस घेतल्या दिवसापासून दुखते आहे." मी ते सहज बोललो होतो आणि त्यांनी ते टिपून ठेवले होते. आपल्याकडे नवव्या दिवसाचा लेखी संदेश आहे. माझ्यापेक्षा आपली स्थिती कितीतरी चांगली आहे.

नागरिकत्वाची अट नाही. लस अमेरिकेत घेतलेली असणे पुरेसे आहे. मला याचिकेपासून धनादेशापर्यंत २ वर्षे ८ महिने लागले आणि त्या काळात मी एकदाही न्यायालयाची पायरी चढलो नाही. सर्व काही कागदांवर आणि दूरध्वनीवर झाले.

कारकून

मी वकील नाही. लसविषयक याचिका चालवणाऱ्या एका वकिली कार्यालयात कागदपत्रे जमवण्याचे काम मी करतो, म्हणून हा सल्ला कायदेशीर सल्ला न मानता वकिलाकडे जाण्यापूर्वीची तयारी समजावा.

सर्वप्रथम, फार्मसीवर राज्याच्या न्यायालयात दावा लावू नये. या योजनेखालील लसीबाबत १,००० डॉलरहून अधिक भरपाई मागायची असेल तर कंपनीवर किंवा लस देणाऱ्यावर थेट दावा करता येत नाही, आधी योजनेकडेच जावे लागते. तसा दावा प्रलंबित असताना योजनेत याचिका करता येत नाही, आणि दाव्यात तडजोड करून पैसे घेतले तर योजनेचे दार कायमचे बंद होते. फार्मसीच्या विमा कंपनीने रागलोभ नको म्हणून काही शे डॉलर देऊ केले आणि इजा झालेल्या माणसाने सही केली, असे घडू शकते. अशी सही करू नये. योजनेचा निकाल मान्य नसेल तर तो नाकारून दिवाणी न्यायालयात जाण्याचा मार्ग नंतरही मोकळा असतो. मात्र लसीची रचनाच सदोष होती असा आरोप कंपनीवर करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ब्रूसेविट्झ विरुद्ध वायेथ या खटल्यात ते स्पष्ट केले आहे.

आता आपल्या प्रकरणातील खरी गाठ. आपण त्याच वेळी कोविडची लसही घेतली आहे, आणि कोविडची लस व्हीआयसीपीमध्ये येत नाही. तिच्यासाठी सीआयसीपी नावाची निराळी योजना आहे आणि नावे सारखी वाटली तरी दोहोंत फार अंतर आहे. सीआयसीपीमध्ये लस घेतल्यापासून अवघ्या १ वर्षात अर्ज करावा लागतो, वेदना व मनस्ताप यांची भरपाई मिळत नाही, वकिलाची फी मिळत नाही आणि निर्णयाविरुद्ध न्यायालयात दाद मागता येत नाही. त्यामुळे डाव्या दंडात फ्लूची लस होती की कोविडची की दोन्ही, या प्रश्नावर आपली संपूर्ण याचिका उभी आहे. फार्मसीची नोंद जशी आहे तशी मान्य केली तर दोन्ही लसी डाव्या खांद्यात होत्या, आणि मग इजा नेमकी कोणत्या सुईने झाली असा प्रश्न सरकारी वकील निश्चितच उपस्थित करतील.

तरीही घाबरून जाऊ नये. फार्मसीच्या संगणकातील दंडाची नोंद अनेकदा सुई टोचण्यापूर्वीच, संमतीपत्र भरताना, यांत्रिकपणे "डावा" अशी केलेली असते, आणि अशा नोंदी चुकीच्या असू शकतात हे स्पेशल मास्टरांनी अनेक निकालांत मान्य केले आहे. दोन लसी एकाच दंडात देताना टोचण्याच्या जागांमध्ये निदान १ इंच अंतर ठेवण्याची शिफारस असते. आपल्याला तसे काही आठवत नसेल आणि उजव्या दंडाला दुखल्याची कोठेही नोंद असेल तर ती शोधावी. पोर्टलवरील संदेशात आपण नेमके काय लिहिले होते? "फ्लूची लस घेतलेला डावा हात" असे शब्द असतील तर ते फार मोलाचे आहेत. त्या दिवशी सोबत कोणी होते का? कोणाला फोनवरून संदेश पाठवला होता का? पट्टी लावलेल्या हाताचे छायाचित्र आहे का? घटनेच्या वेळी, भरपाईचा विचारही मनात नसताना लिहिलेल्या मजकुराला जे वजन असते ते नंतर लिहिलेल्या प्रतिज्ञापत्राला येत नाही, परंतु प्रतिज्ञापत्रेही घेतली जातात आणि ती अशा मजकुराशी जुळली तर उपयोगी पडतात.

दुसरी उणीव ६ महिन्यांची आहे. आपली शेवटची वैद्यकीय नोंद मार्चच्या मध्यावरील दिसते, म्हणजे साधारण साडेपाच महिन्यांची. त्यानंतर आपण घरी सहन करत राहिलात, परंतु कागदावर मात्र उपचार संपल्याचेच दिसते, आणि "त्या अर्थी रुग्ण बरी झाली" असा निष्कर्ष काढायला समोरचा पक्ष मोकळा राहतो. आपल्याला खरोखर त्रास होत आहे, तर डॉक्टरांची भेट या आठवड्यातच घ्यावी. फिजिओथेरपीच्या शेवटच्या सत्राची नोंदही मागवून वाचावी. त्यात उद्दिष्टे साध्य झाली असे लिहिले आहे की विम्याची सत्रे संपल्याने उपचार थांबवले असे, यावर बराच फरक पडतो.

वकिलाच्या फीविषयी गैरसमज फार आहेत. या योजनेत वकील आपल्याकडून किंवा आपल्या भरपाईतून टक्केवारी घेऊ शकत नाही. तसे करण्यास कायद्यानेच मनाई आहे. वाजवी फी आणि खर्च योजनेच्या निधीतून स्वतंत्रपणे दिले जातात, आणि याचिका सद्हेतूने व पुरेशा आधाराने केलेली असेल तर ती हरली तरी दिले जाऊ शकतात. एखादा वकील ३० टक्के मागत असेल तर त्याला या क्षेत्राची माहिती नाही असे खुशाल समजावे. याचिका दाखल करण्याचे शुल्क ४०५ डॉलर आहे.

मुदत ३ वर्षांची आहे, परंतु ती निदानापासून नव्हे तर पहिल्या लक्षणापासून मोजतात. आपल्या बाबतीत ती लसीच्या रात्रीपासूनच सुरू झाली. सीआयसीपीची १ वर्षाची मुदत मात्र या ऑक्टोबरमध्ये संपेल, म्हणून सावधगिरी म्हणून तेथेही अर्ज करून ठेवावा का, हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारावे.

तटस्थ

एक शंका मांडतो, राग नसावा. लस घेतल्यावर हात दुखणे सर्वांनाच होते. त्यासाठी सरकारकडे पैसे मागितले तर आधीच लसींना घाबरणाऱ्या लोकांच्या हाती आयते कोलीत मिळणार नाही का? आणि सुई चुकीच्या जागी टोचली असेल तर तो त्या कर्मचाऱ्याचा दोष झाला, लसीचा नव्हे. मग लसीसाठीच्या निधीतून पैसे का द्यावेत?

हाडवैद्य

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे, आणि वरील शंकेतील पहिले वाक्य मला डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकावे लागते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

लसीनंतरचे नेहमीचे दुखणे दंडाच्या स्नायूत असते, दोन-तीन दिवसांत ओसरते आणि हात उचलताना कुरकुर झाली तरी तो पूर्ण वर जातो. सिर्वामध्ये जे होते ते निराळे आहे. खांद्याच्या वरच्या हाडाच्या टोकाखाली, डेल्टॉइड हा दंडाचा वरचा स्नायू आणि रोटेटर कफचे, म्हणजे खांदा फिरवणाऱ्या स्नायूंचे टेंडन यांच्यामध्ये बर्सा नावाची एक पातळ, वंगणासारखा द्रव असलेली पिशवी असते आणि ती हाडाच्या टोकाच्या बरीच खालपर्यंत पसरलेली असते. लस त्या टोकापासून दोन ते तीन बोटे खाली, स्नायूच्या सर्वांत जाड भागात द्यायची असते. सुई त्याहून वर टोचली गेली, किंवा बारीक अंगाच्या माणसाला लांब सुई वापरली, तर औषध स्नायूऐवजी त्या पिशवीत किंवा टेंडनपाशी जाऊन पडते. लसीचे कामच मुळी शरीराची प्रतिकारशक्ती चेतवण्याचे असते. ते चेतवणे स्नायूत झाले तर हवेच आहे, सांध्यालगतच्या बंद जागेत झाले तर तेथे तीव्र दाह सुरू होतो आणि तो महिनोन्महिने टिकू शकतो. नुसत्या सुईच्या जखमेने इतका दीर्घ दाह होत नाही. म्हणूनच "दोष टोचणाऱ्याचा, लसीचा नव्हे" अशी सरळ वाटणी येथे करता येत नाही, दोन्ही एकत्र आल्यावरच ही इजा घडते. २०१० मध्ये १३ रुग्णांचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातूनच सिर्वा हे नाव रूढ झाले. त्यातील जवळजवळ सर्वांची वेदना पहिल्या २४ तासांतच सुरू झाली होती.

सायलीताईंनी केलेले वर्णन, म्हणजे लस देणारा उभा, घेणारा बसलेला आणि गळा खाली ओढून उघडा केलेला खांदा, हे वाचून मला आश्चर्य वाटले नाही. गळा ओढला की दंडाचा फक्त वरचा भाग दिसतो आणि उभ्या माणसाचा हात स्वाभाविकपणे वरच पडतो. दोघांनीही बसावे आणि बाही पूर्ण वर करावी किंवा हात बाहीतून बाहेर काढावा, एवढे केले तरी पुष्कळ टळते.

आता एक सावधगिरीची सूचना. फ्रोझन शोल्डर ४० ते ६० या वयातील स्त्रियांत अधिक आढळतो, आणि मधुमेहाप्रमाणेच थायरॉइडच्या विकारातही त्याचे प्रमाण जास्त असते. आपले वय आणि थायरॉइड हे दोन्ही कागदोपत्री असल्यामुळे "हे आपोआपच झाले असते" असा युक्तिवाद होऊ शकतो. त्याला वैद्यकीय उत्तर आहे. आपोआप होणारा फ्रोझन शोल्डर आठवड्या-महिन्यांनी हळूहळू आवळत जातो आणि नेमका कोणत्या दिवशी सुरू झाला हे रुग्णाला सांगता येत नाही. आपल्याला तारीख आणि रात्र दोन्ही सांगता येतात, आणि एमआरआयमध्ये बर्साचा दाहही दिसला आहे. मात्र ही गोष्ट न्यायालयात आपण सांगण्यापेक्षा आपल्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी नोंदीत लिहिलेली असावी. पुढच्या भेटीत त्यांना प्रामाणिकपणे विचारावे की त्यांच्या मते कारण काय आहे. काय लिहावे हे मात्र त्यांना सांगू नये. त्याने उलटा परिणाम होतो आणि ते उचितही नाही.

टेंडनला अर्धवट चीर असणे हे ४६ व्या वर्षी तक्रार नसलेल्या खांद्यातही आढळू शकते. त्या एका शब्दावर फार भिस्त ठेवू नये.

माधव

तटस्थ यांच्या दुसऱ्या मुद्द्याला थोडी जोड देतो. १९८० च्या दशकाच्या पहिल्या भागात ट्रिपल लसीवरून कंपन्यांवर इतके दावे झाले की काही कंपन्यांनी लस बनवणेच सोडले, तुटवड्याची भीती निर्माण झाली, आणि त्यातून हा १९८६ चा कायदा आला. म्हणजे भरपाईची योजना लसींच्या विरोधात नाही, लसी मिळत राहाव्यात म्हणूनच ती आहे. सिर्वाला तक्त्यातून काढून टाकण्याचा नियम जानेवारी २०२१ मध्ये झालाही होता आणि त्यामागे आपण म्हणता तेच कारण दिले गेले होते, की ही इजा लसीची नसून टोचण्याच्या तंत्राची आहे. काही महिन्यांतच, एप्रिल २०२१ मध्ये, तो नियम मागे घेण्यात आला. मी स्वतः त्यानंतर दरवर्षी फ्लूची लस घेतली आहे, फक्त टोचणाऱ्याला आधी खुर्ची देतो.

सायलीताई, रकमेविषयी आपण विचारले नाही, तरी सांगतो. वेदना व मनस्ताप यांसाठी कायद्याने कमाल मर्यादा २,५०,००० डॉलर घातलेली आहे, पण सिर्वामध्ये तेथपर्यंत पोचणारी प्रकरणे अगदी विरळ असतात. शस्त्रक्रिया झालेली नसेल तर रक्कम सामान्यतः काही दहा हजारांत असते आणि शस्त्रक्रिया झाली असेल तर बहुधा लाखाच्या पुढे जाते. त्याखेरीज विम्याने न दिलेला वैद्यकीय खर्च आणि बुडालेले वेतन मिळते, म्हणून को-पेच्या (विमा असूनही रुग्णाने स्वतः भरलेल्या रकमेच्या) पावत्या जपून ठेवाव्यात. फिजिओथेरपीच्या नोंदीतील हात किती अंशांपर्यंत उचलला गेला आणि दुखणे दहापैकी किती होते, हे आकडे रक्कम ठरवताना बारकाईने पाहिले जातात. मी शूरपणा दाखवून प्रत्येक वेळी "बरे आहे, दहापैकी तीन" असे सांगत असे, आणि त्याची किंमत मी मोजली.

सायली_७९

सर्वांचे मनापासून आभार. तटस्थ यांचाही राग आला नाही, कारण सात महिने हाच प्रश्न मी स्वतःला विचारत होते आणि त्यामुळेच येथे लिहायला इतका उशीर झाला.

गेल्या चार दिवसांत सांगितल्याप्रमाणे शोध घेतला. पोर्टलवरील संदेश सापडला. त्यात "दोन लसी घेतल्यापासून डावा खांदा दुखतो" एवढेच आहे, कोणती लस कोणत्या हातात हे दुर्दैवाने नाही. परंतु लसीच्या रात्री धाकट्या बहिणीला फोनवरून पाठवलेला एक संदेश मिळाला: "कोविडची उजव्या हातात घेतली, तो ठीक आहे. फ्लूवाला डावा मात्र आत्ताच वर जात नाही, सुई कुठे मारली देव जाणे." तो वाचून मला स्वतःलाच हायसे वाटले, कारण सगळ्या कागदांवर चुकीचे लिहिलेले वाचून मलाच माझ्या स्मरणाविषयी शंका येऊ लागली होती. बहिणीकडेही तो संदेश आहे. फिजिओथेरपीच्या शेवटच्या नोंदीत सत्रांची मर्यादा संपल्याचा स्पष्ट उल्लेख आहे. डॉक्टरांची भेट गुरुवारी ठरली आहे.

दोन गोष्टी राहिल्या. थायरॉइडच्या डॉक्टरांची ती "तक्रार नाही" अशी नोंद दुरुस्त करून घ्यावी का? आणि निकाल सार्वजनिक होतात असे वाचले. माझे पूर्ण नाव आणि वैद्यकीय तपशील कार्यालयातील कोणीही शोधून वाचू शकेल का?

कारकून

ती नोंद बदलून घेण्याचा प्रयत्न करू नये. याचिकेच्या तोंडावर बदललेली नोंद मूळ नोंदीपेक्षा अधिक संशय निर्माण करते. एका अवयवाच्या तपासणीसाठी गेलेला माणूस दुसऱ्याविषयी बोलत नाही आणि नोंदीतील असे रकाने पुष्कळदा साच्याप्रमाणे भरले जातात, हे स्पेशल मास्टरांनाही ठाऊक असते. त्या भेटीच्या आधीचा, नवव्या दिवसाचा संदेश आपल्याकडे आहे, तेच त्याचे उत्तर आहे. प्रतिज्ञापत्रात मात्र त्या भेटीचा उल्लेख आपणहून करावा. जी अडचणीची नोंद आपण लपवली नाही तिची धार आपोआप कमी होते. सर्व डॉक्टरांच्या नोंदी द्याव्याच लागतात, लस घेण्यापूर्वीच्या वर्षांच्यासुद्धा, त्यामुळे काही गाळण्याचा विचार मनात आणू नये.

निकाल न्यायालयाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होतात, हे खरे आहे. निकालानंतर १४ दिवसांच्या आत ज्या मजकुरामुळे खासगीपणाचा अवाजवी भंग होतो तो वगळण्याची किंवा नावाऐवजी आद्याक्षरे वापरण्याची विनंती करता येते. ती मान्य होईलच असे नाही, केवळ संकोच वाटतो एवढे कारण पुरत नाही. नोकरीवर नेमका काय परिणाम होईल हे सांगता आले तर अधिक बरे. वकिलाला हा मुद्दा आरंभीच सांगून ठेवावा, कारण ते १४ दिवस फार लवकर सरतात.

बहिणीला पाठवलेला तो संदेश या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा कागद ठरेल असे मला वाटते, जरी तो कागद नसला तरी. त्याचे स्क्रीनशॉट आजच काढून स्वतःला ईमेलने पाठवावेत, तारीख व वेळ दिसेल असे, आणि त्याच्या आधीचे व नंतरचे काही संदेशही सोबत घ्यावेत, म्हणजे एकच ओळ वेचून काढल्यासारखी वाटणार नाही. मूळ संभाषण दोघींच्याही फोनमध्ये तसेच राहू द्यावे.

सायली_७९

स्क्रीनशॉट काढले आणि पाठवले. येत्या शनिवारी मी हा फोन देऊन नवा घेणार होते, तो बेत आता रद्द केला आहे.